उटीच्या आधीचं घर

उटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तलावातलं बोटिंग, डोंगरातली निळी टॉय ट्रेन, बोटॅनिकल गार्डन आणि परत येताना बॅगेत कोंबलेली होममेड चॉकलेटं. माझंही तसंच होतं. बेंगळुरूला नोकरी लागून तीन वर्षं झाली, ऑफिसच्या ग्रुपबरोबर दोनदा उटी झाली आणि दोन्ही वेळेला मी हेच बघून आले.

या वेळी मात्र आई सोबत होती. आईला गर्दी नको, थंडी हवी आणि चालायला थोडं सपाट हवं, अशा तीन अटी. म्हणून उटीच्या अलीकडचं कोटगिरी निवडलं. नीलगिरीतलं हे जुनं ठिकाण उटीपासून साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि उटी, कुन्नूरपेक्षा बरंच शांत. इथे रेल्वे येत नाही, त्यामुळे गर्दी आपोआप कुन्नूरला उतरून उटीकडे जाते. आम्ही रात्रीच्या बसनं कोइम्बतूर, तिथून मेट्टुपालयम आणि मग कोटगिरीची घाटातली बस असा प्रवास केला. घाटात आईनं लिंबू हुंगत डोळे मिटले ते चहाचे मळे दिसायला लागल्यावरच उघडले.

एक सांगायला हवं. ही सहल खरं तर आईचं मन रमावं म्हणून काढली होती. चिपळूणजवळच्या गावातलं तिचं माहेर विकायला निघालं आहे. जांभ्या दगडाचं, कौलारू, मागच्या पडवीचं छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वी खाली आलेलं घर. मामा डोंबिवलीला, मावशी नाशिकला, आई पुण्याला. गावात राहणारं कुणी नाही. गिऱ्हाईक चांगलं मिळालंय, पुढच्या महिन्यात सह्या. आई यावर काहीच बोलत नव्हती. आणि आमची आई काही बोलत नाही तेव्हा काळजी करावी, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक आहे.

कोटगिरीत दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळ काय बघण्यासारखं आहे म्हणून मी मोबाइलवर शोधलं, तर ‘सलिव्हन मेमोरियल’ असं नाव आलं. अंतर दोन किलोमीटर. आई म्हणाली, “चालत जाऊ.” मॅपनं आम्हाला एका गाजराच्या शेतात नेऊन सोडलं. पुढे रस्ताच नाही! बांधावर एक आजी उभ्या होत्या. अंगाभोवती पांढरं वस्त्र गुंडाळलेलं, डोक्यालाही पांढराच कपडा. बडगा समाजातल्या जुन्या बायकांचा हा पेहराव. मला तमिळ येत नाही, पण बडगांची भाषा कन्नडच्या जवळची आहे, म्हणून मी माझं बेंगळुरूच्या रिक्षावाल्यांकडून शिकलेलं कन्नड चालवून पाहिलं. आजी पोटभर हसल्या. मग आईचा हात धरून त्यांनी आम्हाला वरच्या वाटेला लावलं आणि बोटानं दाखवलं. ते बघा, तिथे.

कन्नेरीमुक्कू नावाच्या त्या लहानशा गावात, घरांच्या आणि मळ्यांच्या मधोमध एक लालसर रंगाची जुनी वास्तू उभी आहे. स्थानिक लोक तिला पेथकल बंगला म्हणतात. बंगला हा शब्द ऐकून मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. आई फाटकातच थांबून म्हणाली, “एवढंसंच?”

एवढंसंच. पण आज आपण ज्याला उटी म्हणतो, त्या सगळ्याची सुरुवात या एवढ्याशा घरात झाली.

जॉन सलिव्हन हा कोइम्बतूरचा कलेक्टर. जानेवारी १८१९ मध्ये तो डोंगराच्या पायथ्याच्या दणायकनकोट्टैहून माणसं घेऊन वर चढला. (ते दणायकनकोट्टै आता भवानीसागर धरणाच्या पाण्याखाली आहे. म्हणजे जिथून ही गोष्ट सुरू झाली ती जागाच बुडाली.) रस्ता असा नव्हताच. दाट जंगल, सरळसोट कडे आणि खालच्या पट्ट्यात हिवताप. काही दिवसांच्या चढाईनंतर ही मंडळी कोटगिरीजवळच्या दिमहट्टीपाशी पोचली आणि समोर मोकळी, हिरवी, थंड पठारं. मद्रास इलाख्याच्या उन्हात भाजून निघालेल्या इंग्रजाला काय वाटलं असेल, याची कल्पना मे महिन्यात पुण्याहून महाबळेश्वरला गेलेल्या कुणालाही करता येईल. पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेल्या थॉमस मन्रोंना त्यानं पत्र लिहून इथल्या हवेची तुलना थेट स्वित्झर्लंडशी केली. ही तुलना आजही नीलगिरीच्या प्रत्येक हॉटेलच्या माहितीपत्रकात भेटते. दोनशे वर्षं झाली, कुणाला नवीन उपमा सुचलेली नाही!

त्याच वर्षी त्यानं इथे घर बांधायला घेतलं. नीलगिरीवरचं युरोपियन माणसाचं हे पहिलं घर. मग सिरुमुगैपासून दिमहट्टीपर्यंत वाट काढली गेली, तीही कैद्यांच्या हातून. तीन-चार वर्षांत सलिव्हनची नजर आणखी वर, उटकमंडकडे गेली. तिथे त्यानं ‘स्टोनहाउस’ नावाचं दगडी घर बांधलं. आज तिथे सरकारी आर्ट्स कॉलेज आहे. आपण ज्यात बोटिंग करतो तो तलावही त्यानंच १८२३ ते १८२५ च्या दरम्यान करवून घेतला. इंग्लंडहून माळी आणून बटाटे, सफरचंदं, स्ट्रॉबेरी लावून पाहिल्या. दक्षिणेतल्या बाजारात गाजर, बीट, कोबीला अजूनही ‘इंग्लिश भाज्या’ म्हणतात, त्यामागे ही सगळी उचापत आहे. उटी मोठी झाली आणि कोटगिरीचं पहिलं घर मागे पडलं.

मागे पडलं म्हणजे अगदी विसरलं गेलं. छप्पर गेलं, भिंती खचल्या, आत झाडं उगवली. या शतकाच्या सुरुवातीला जिल्हा प्रशासनानं पुढाकार घेऊन ते दुरुस्त केलं आणि आता तिथे नीलगिरी डॉक्युमेंटेशन सेंटरचं संग्रहालय आहे.

आत शिरताना माझी अपेक्षा काय होती सांगू? कलेक्टरसाहेबांचा पलंग, साहेबांची टोपी, साहेबांचा चमचा. अशी संग्रहालयं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. दोरी लावलेली असते आणि आपण दोरीच्या अलीकडून चमचा बघत असतो. इथे तसं फारसं नाही. भिंतींवर मुख्यतः छायाचित्रं आणि माहितीचे फलक आहेत, आणि त्यातला मोठा भाग साहेबांचा नसून इथल्या लोकांचा आहे.

तोडा लोक आणि त्यांच्या म्हशी. अर्ध्या पिंपासारखं वाकवलेलं छप्पर असलेल्या त्यांच्या झोपड्या, दार इतकं बुटकं की आत जायला रांगावं लागतं. कोटा लोक, सात गावांत राहणारे, मडकी घडवणारे, लोखंड ठोकणारे, सगळ्या डोंगराला वाद्यं वाजवून देणारे. ‘कोटगिरी’ या नावातही तेच आहेत. शेती करणारे बडगा, जंगलातून मध आणि औषधी आणणारे कुरुंबा, उतारावरचे इरुला. तोडांनी तूप द्यायचं, कोटांनी भांडी आणि विळे, बडगांनी धान्य. पैसा न वापरता चालणारी एक पूर्ण व्यवस्था सलिव्हन वर चढण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून इथे चालू होती.

इथे मी जरा अडखळले, आणि तुम्हीही अडखळाल असं वाटतं. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय की माथेरानचा शोध ह्यू मॅलेटनं १८५० मध्ये लावला. ठाण्याचा कलेक्टर फिरायला म्हणून वर चढला आणि सापडलं माथेरान. एका मार्काचा प्रश्न. मी कधी विचारलंच नाही की त्याच्याआधी तिथे ठाकर, कातकरी, धनगर नव्हते का? त्यांना माथेरान हरवलंय असं वाटत होतं का? नीलगिरीचंही तेच. ‘पहिलं घर’ म्हणजे पहिलं कुणाचं? त्या शेताच्या बांधावरच्या आजींच्या पणजीच्या पणजीनं हा बंगला बांधताना कदाचित पाहिला असेल. स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून!

गंमत म्हणजे सलिव्हनला हे कळत होतं. हा डोंगर तोडांचा आहे, त्यांचा मालकी हक्क सरकारनं मानला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. यावरून त्याचं गव्हर्नर लशिंग्टनशी वाजलं आणि सलिव्हन हरला. आता लगेच त्याला देवमाणूस करू नका. त्यानं स्वतःही इथे भरपूर जमीन घेतली होती, आणि स्टोनहाउसची जागा तोडांकडून घेताना एकरी एक रुपया दिला, असं सांगतात. हक्क मानायचा आणि भाव हा द्यायचा! दोन्ही एकाच माणसानं केलं. म्हातारपणी, इंग्लंडला परतल्यावरही, कंपनी हिंदुस्थानातली संस्थानं गिळत चालली आहे याविरुद्ध तो बोलत राहिला. सातारचं राज्य खालसा झालं १८४८ मध्ये, आणि १८५३ मध्ये या माणसानं हिंदी राजांची बाजू मांडणारी पुस्तिका काढली. सातारकरांनी कोटगिरीला गेलात तर या घरात दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही.

आई एव्हाना पुढच्या खोलीत गेली होती. मी फलक वाचत होते. आई फलक वाचत नाही, ती घर बघते. भिंतीची जाडी हातानं चाचपते, खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते पाहते, स्वयंपाक कुठे करत असतील याचा अंदाज घेते. “बाई होती का रे बरोबर त्याच्या?” तिनं देखरेख करणाऱ्या दादांना थेट मराठीतच विचारलं. मी हिंदी-इंग्रजीची मिसळ करून सांगितलं.

होती. हेन्रिएटा तिचं नाव. सलिव्हनची पत्नी. या डोंगरावर संसार मांडणाऱ्या पहिल्या युरोपियन बायकांपैकी ती एक. शेजारीण नाही, डॉक्टर नाही, वाट पुरती झालेली नाही आणि पावसाळ्यात धुकं खिडकीतून आत येतं. नवऱ्याला स्वित्झर्लंड दिसत होतं. तिला काय दिसत होतं, त्याची नोंद मला कुठे सापडली नाही. ती परत गेली नाही एवढं खरं. उटीच्या सेंट स्टीफन्स चर्चच्या आवारात तिची आणि मुलगी हॅरिएटची समाधी आहे. १८३० च्या सुमाराचं हे पिवळसर चर्च, त्याचे भलेमोठे लाकडी वासे टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या महालातून काढून आणलेले. आम्ही दुसऱ्या दिवशी तिथे गेलो, मागच्या चढावर समाधी शोधली. सलिव्हन १८४१ मध्ये मायदेशी गेला आणि १८५५ मध्ये तिथेच वारला. त्याची कबर लंडनजवळ आहे, बायको आणि लेकीची इथे. आईनं दोन रानफुलं ठेवली. म्हणाली, “माहेर नाही नि सासर नाही, बिचारी मधेच राहिली.”

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या सकाळी कोटगिरीच्या घरात आई एका फोटोसमोर उभी राहिली होती, आणि ती हलेना. मी जवळ जाऊन पाहिलं. तो याच घराचा जुना फोटो होता, दुरुस्तीच्या आधीचा. छप्पर नाही. भिंतीच्या चिरेतून झाड बाहेर आलेलं. दाराच्या जागी नुसतं भगदाड.

“हे हेच घर?” आईनं विचारलं.

“हेच.”

ती फोटोकडे बघत होती, मग वर बघत होती, तुळयांकडे. पुन्हा फोटोकडे. मग अगदी हळू म्हणाली, “आपलं याच्यापेक्षा बरंय गं. आपली फक्त पडवीच पडलीय.”

मी काय बोलणार? ‘आई, पण इथे कलेक्टर राहायचा, तिथे आपले आजोबा,’ हे ओठांवर आलं होतं. बरं झालं नाही बोलले, कारण मी ज्या भिंतीसमोर उभी होते तिच्यावर तोडा आणि कोटा बायका होत्या. कुणीच कलेक्टरीणबाई नव्हत्या. साहेबाच्या घराला जो पैसा आणि जी माणसं मिळाली ती प्रत्येक घराला मिळत नाहीत, हे खरंच आहे. आमच्याकडे ना पैसा आहे ना गावात राहायला कुणी तयार आहे. मी नाही, दादा नाही. सुट्टीत दोन दिवस जाऊन फोटो काढणं वेगळं. सह्या होतील. ते आईलाही माहीत आहे. पण घर जाणं आणि घरात काय होतं तेही विसरलं जाणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे त्या फोटोसमोर उभं राहीपर्यंत मला तरी सुचलं नव्हतं.

बाहेर आलो तर धुकं उतरायला लागलं होतं. समोरचे चहाचे मळे एकेक करून पुसले जात होते. हाच चहा, हेच गाजर, हेच निलगिरीचे उंच वृक्ष आपण ‘नीलगिरीचं निसर्गसौंदर्य’ म्हणून फोटोत टिपतो, आणि यातलं जवळपास काहीच मूळचं इथलं नाही. मूळची होती ती गवताळ पठारं आणि दऱ्यांतली बुटकी, दाट शोला वनं. बारा वर्षांनी फुलणारी निळी कुरिंजी त्या गवतातली. तोडांच्या म्हशींना तेच गवत लागायचं. म्हणून माझं ऐका, नीलगिरीत आलात तर उटीच्या आधी इथे या. इथे तासभर घालवला की पुढे उटीचा तलाव, बाग, चर्च हे सगळं वेगळंच दिसायला लागतं.

जाणार असाल तर थोडं कामाचं. कोटगिरी गावातून हे ठिकाण चालत अर्ध्या तासावर, रिक्षाही मिळते. मॅपपेक्षा माणसांना विचारा, ‘सलिव्हन बंगला’ म्हटलं की समजतं. घर लहान आहे, मुलांना कंटाळा यायच्या आत बघून होतं, पण आजी-आजोबांना मात्र वेळ द्या, त्यांना इथे आपापलं काहीतरी आठवतं. स्वतःच्या गाडीनं नीलगिरीत येणार असाल तर २०२४ पासून पर्यटकांच्या गाड्यांना ई-पास लागतो, तो आधी ऑनलाइन काढून ठेवा. प्लास्टिकच्या बाटल्या आणू नका, चेकनाक्यावर काढून घेतात. उरलेल्या दिवसात कॅथरीन धबधबा आणि कोडनाड व्ह्यू पॉइंट होतं. दोन्ही सुंदर आहेत, त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी वेगळं काय सांगू? आणि वरकी खायची विसरू नका. आपल्या खारीची ही डोंगरातली मावसबहीण, चहात बुडवली की विरघळते.

बसस्टँडजवळच्या टपरीवर आम्ही तीच खात बसलो होतो. आईनं चार वरक्या संपवल्या, हात पुसले आणि मामाला फोन लावला. तिचा आवाज फोनवर नेहमीच मोठा असतो, पण आज टपरीवाल्यानंही वळून पाहिलं.

“हे बघ, सह्यांचं काय ते तुम्ही ठरवा, मी आडवी येणार नाही. पण माळ्यावरचं काही एक फेकायचं नाही. जातं, बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या, आईचा पितळी डबा, काही म्हणजे काही नाही. आणि घर पाडायच्या आधी मी चार दिवस राहायला येतेय. हिला घेऊन. ही सगळ्या खोल्यांचे फोटो काढेल, मी सांगेन कुठे काय होतं, ही लिहून घेईल.”

पलीकडून मामा काहीतरी म्हणाला. आईनं ऐकून घेतलं.

“पडवी पडलीय तर पडू दे. तिचाही काढेल.”